ब्रश ओला करण्याआधी

काम सांगायला ज्याने बोलावले त्याच्या घरी दर ठरल्याशिवाय ते चहा घेत नसत. पाणी घेत. चहाचा कप समोर आला की त्यावर तळहात ठेवीत आणि म्हणत, "राहू द्या जी जरा. चहा पोटात गेला का दर पडते." दर ठरेपर्यंत चहावर साय धरलेली असे. ती बोटाने बाजूला सारून तो गार चहा ते मोठ्या समाधानाने पीत. नागपुरातल्या काही घरांत त्यांना असा गार चहा मिळाला. त्याहून अधिक घरांतून तो तसाच ठेवून ते उठून आले.

ते चित्रकार होते. नोकरी त्यांनी कधी केली नाही. लग्नपत्रिकेवरचा गणपती, दंतवैद्याच्या भिंतीवरचे दातांचे चित्र, पापडाच्या पुड्यावरची बाई, दिवंगतांच्या तसबिरी, जे येईल ते काम ते करीत. पत्नी फार पूर्वी वारली होती, मूल नव्हते. सक्करदऱ्यात एका तीन मजली घराच्या गच्चीवर पत्र्याची एक खोली होती, तिथेच ते राहत आणि तिथेच काम करीत. उन्हाळ्यात तो पत्रा इतका तापे की ते डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळून बसत, आणि दुपट्ट्याचे पाणी चित्रावर पडू नये म्हणून मान सदैव थोडी मागे ठेवीत. ती सवय पुढे हिवाळ्यातही राहिली. त्यामुळे ते कोणाशीही बोलत तेव्हा त्या माणसाला अंतरावरून पारखत आहेत असे वाटे.

माझी त्यांची ओळख झाली ती माझ्या गुरूंच्या चित्रामुळे. नागपुरातल्या महाल भागातल्या एका शाळेत आयुष्यभर संस्कृत शिकवून मी निवृत्त झालो होतो. गुरूंचे छायाचित्र एकच उरले होते, तेही कडेने कसर लागलेले. त्यावरून मोठे चित्र करवून घ्यावे म्हणून मी त्या गच्चीवर गेलो. त्यांनी छायाचित्र उजेडात धरले, बराच वेळ पाहिले, आणि विचारले, "गुरुजी, तुमचा एक दिवस कितीचा?"

मला प्रश्नच कळला नाही.

"म्हणजे जी, एका दिवसाचे तुम्हाले किती भेटतात? मी त्याच भावानं लावतो. तुमच्याबी दिवसाचे चोवीस तास, माह्याबी दिवसाचे चोवीस. एकाचा दिवस महाग आन् एकाचा स्वस्त, हे मले पटत नाही."

मी निवृत्तिवेतन सांगितले. त्यांनी तिसाने भागून बाराशे काढले. चित्राला चार दिवस लागणार होते, अठ्ठेचाळीसशे झाले. मग एक कागदाची चिठ्ठी माझ्यापुढे ठेवली आणि माझ्याच हाताने लिहून घेतले, 'माझा एक दिवस रुपये बाराशे.' खाली सही. चित्र पूर्ण झाल्यावर ती चिठ्ठी त्यांनी चौकटीच्या मागे चिकटवून दिली. हा त्यांचा नियम होता. चित्र जिथे टांगले जाईल तिथे त्याच्या पाठीशी त्या माणसाने सांगितलेली स्वतःची किंमत राहत असे.

लोक खोटे सांगत, हे उघड आहे. एका बांधकाम व्यावसायिकाने वडिलांच्या चित्रासाठी आपला दिवस पाचशे रुपयांचा असल्याचे लिहून दिले. यांनी निमूट पाच दिवस काम केले, अडीच हजार घेतले, चिठ्ठी चिकटवली. वर्षश्राद्धाला चित्र भिंतीवरून उतरवले तेव्हा ती त्यांच्या व्याह्यांनी वाचली. म्हणे दुसऱ्याच दिवशी तो गृहस्थ गच्चीवर आला आणि चिठ्ठी बदलून मागू लागला. "बदलतो ना जी," हे म्हणाले, "नवीन आकडा लिहा, वरचे पैसे द्या." त्याने चित्राची पाठ खरवडून घेतली, पण पैसे दिले नाहीत. धंतोलीतल्या एका डॉक्टरांनी मात्र खरा आकडा सांगितला आणि त्या आकड्याने तीन दिवसांचे किती होतात हे ऐकून, "तुम्हालाच डॉक्टरला दाखवायची गरज आहे," असे म्हणून त्यांना जिना दाखवला.

आणि एक बाई आली होती. कॉटन मार्केटात भाजी विकणारी, तरुण मुलगा अपघातात गेलेला. तिचा दिवस तीनशेचा. त्या चित्राला यांनी आठ दिवस घातले, पैसे मात्र तीन दिवसांचेच सांगितले. तिने पदराची गाठ सोडली तेव्हा मी तिथे होतो. ती गेल्यावर मी म्हणालो, "हिच्याकडून तरी घ्यायचे नव्हते."

त्यांनी मान आणखी मागे नेली. "काहून? ती फुकट भाजी वाटते का? तिनं पैसे दिले, आता पोराचा फोटो तिचा हाय. फुकट दिला असता तं माहा राह्यला असता. गरिबाले दर कमी होऊ शकते गुरुजी. दरच नाही, असं होऊ शकत नाही."

हे वाक्य मी तेव्हा एका विक्षिप्त माणसाचे वाक्य म्हणून ऐकले.

त्यांच्या या रीतीचा परिणाम असा झाला की श्रीमंत त्यांच्याकडे येईनासे झाले आणि गरीब शोधत येऊ लागले. त्यांच्या खोलीत एक पंखा, एक गॅसची शेगडी आणि रंगांची पेटी याखेरीज काही वाढले नाही. कोणी 'तुमचा शौक चांगला आहे' असे म्हटले तर ते तात्काळ विचारीत, "डॉक्टरले म्हणता का जी, तुमचा शौक चांगला हाय म्हणून?"

एकदा ते माझ्या घरी आले आणि शिकण्याची इच्छा बोलून दाखवली. देवतांची चित्रे करताना कोणत्या हातात कोणते आयुध, वर्ण कोणता, आसन कोणते, हे कॅलेंडरे पाहून नव्हे तर ध्यानश्लोकांवरून समजून घ्यावयाचे होते. मला अतिशय आनंद झाला. दर मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी मी गच्चीवर जाऊ लागलो, कारण श्लोक ऐकता ऐकता त्यांना हात चालवायचा असे. विजेच्या बिलांच्या पाठीवर ते रेखाटने करीत. विष्णूच्या चोवीस मूर्ती केवळ चार आयुधांच्या हातबदलाने वेगळ्या होतात हे ऐकून ते दोन आठवडे दुसऱ्या विषयावर बोललेच नाहीत. साठीला आलेला तो माणूस संस्कृतातली अवघड जोडाक्षरे मुलासारखी तोंडात घोळवून म्हणे, आणि चुकले की स्वतःच्या कानाला हात लावी.

पहिल्याच महिन्याच्या अखेरीस त्यांनी माझ्यापुढे पाकीट ठेवले. मी ते परत केले. आमच्या घरात विद्या विकण्याची परंपरा नाही, असे सांगितले.

"शाळेत पगार घेत होते ना जी?"

"तो उदरनिर्वाह होता."

"मंग मी काय करून राहिलो? उदरनिर्वाहच ना?"

मी हसलो. दर महिन्याला पाकीट आले आणि दर महिन्याला मी ते परत केले. एक वर्षाने त्यांनी आणणे बंद केले. मात्र निघताना ते माझ्या पाया पडू लागले. पूर्वी पडत नसत. मला ते योग्य वाटले. आपण घेत नाही, देतो, याचे समाधान मनात असते, आणि त्या समाधानाला फार सूक्ष्म असा एक गर्व चिकटलेला असतो. तो मला दिसला नाही.

रविवारी सकाळी त्यांच्याकडे आठ-दहा तरुण चित्रकार जमत. ती मुले कॅफेच्या भिंती रंगवीत, संगणकावर पुस्तकांची मुखपृष्ठे करीत, आणि बहुतेकांना कामाचे पैसे अर्धे मिळत किंवा मिळतच नसत. 'नाव होईल' असे त्यांना सांगितले जाई. "किराणावाला नाव घेते का बे?" ते विचारीत. त्यांना ते आपली रीत शिकवीत नसत. "मी एकटा हाव. माहं कसंही चालते. तुमचं चालत नाही." मुलांसाठी त्यांनी निराळा हिशेब बसवला होता. महिन्यात काम मिळते फार तर दहा दिवस. उरलेले वीस दिवस काम शोधण्यात, नकार ऐकण्यात, आजारपणात जातात. ते वीस दिवसही जेवतातच. तेव्हा कामाच्या एका दिवसाने तीन दिवसांचे पोट भरले पाहिजे. त्यात रंग, भाडे, मोबाईल धरून दिवसाचे अडीच हजार, याच्या खाली कोणी जायचे नाही, आणि दर लिहून मिळाल्याशिवाय ब्रश ओला करायचा नाही. मुलांनी एकमेकांच्या हातावर हात मारून हे मान्य केले होते. एकाने स्वस्त केले की दुसऱ्याचे मोडते, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते.

त्यांच्यात प्रणाली नावाची एक मुलगी होती. कामठीची, वडील यंत्रमागावर. दोन शेअर ऑटो बदलून ती येई आणि येताच सगळ्यांच्या चपला जिन्यात सरळ लावून मग आत बसे. तिचा हात विलक्षण होता. चित्रकार म्हणत, "या पोट्टीच्या रेघेले हाड हाय." तिच्या वडिलांनी तिला वर्षाची मुदत दिली होती. तेवढ्यात चित्रांवर घर चालवून दाखव, नाहीतर बुटीबोरीच्या कारखान्यात पॅकिंगला लाग. बेसा भागातल्या एका नव्या शाळेच्या कुंपणभिंतीचे काम तिला मिळण्याच्या बेतात होते. चाळीस दिवसांचे काम, अडीच हजारांनी एक लाख. संचालकांनी तोंडी होकार दिला होता, लेखी राहिले होते. तेवढे काम झाले असते तर वडिलांची अट पुरी झाल्यासारखीच होती.

याच सुमारास आमच्या देवस्थानाच्या नव्या सभागृहाचे काम निघाले. मी विश्वस्तांपैकी एक होतो. सभागृहाच्या मोठ्या भिंतीवर दशावतार रंगवावेत असे ठरले आणि मी त्यांचे नाव सुचवले. अध्यक्षांनी त्यांना कार्यालयात बोलावले. चहा आला. त्यांनी कपावर तळहात ठेवला.

"ट्रस्टचा एक दिवस कितीचा, साहेब?" त्यांनी विचारले.

अध्यक्ष चमकले. "देवाची कमाई विचारता काय तुम्ही?"

"बरं, राह्यलं. दिवसाचे अडीच हजार. पन्नास-बावन्न दिवस लागतीन. लिहून द्या, उद्या येतो."

"अहो, हे देवाचं काम आहे. इथे लोक आपणहून सेवा करतात. पुण्याचं काम आहे. आणि आजकाल तर मोबाईलवर फुकटात चित्र बनून येतं."

"मंग मोबाईलच चिकटवा ना जी भिंतीले," हे शांतपणे म्हणाले. "तो मार्बलवाला बाहेर फरशी बसवून राहिला, त्याले लेखी कोटेशन हाय. लाईटवाल्याले हाय. त्याईचं पुण्य नाही का?"

त्या संगमरवराच्या कोटेशनवर माझीही सही होती. फुटाचा दर वाचून मी ती केली होती, आणि त्यात देवाचा अवमान होतो असे मला क्षणभरही वाटले नव्हते. तरीही त्या खोलीत मी अस्वस्थ झालो ते यांच्या बोलण्याने. अध्यक्षांच्या बोलण्याने नव्हे. चित्रकार चहा ठेवून उठले.

ते गेल्यावर अध्यक्ष माझ्याकडे वळले. "गुरुजी, काय करायचं?" मी म्हणालो, "दर लिहून देऊ नका. देवकार्यात बोली शोभत नाही. मी त्यांना समजावतो. काम झाल्यावर आपण त्यांचा यथोचित सन्मान करू."

हे माझे शब्द होते.

दुसऱ्या दिवशी मी गच्चीवर गेलो. मी सांगितले की हे काम हातचे जाऊ देऊ नका. वर्षभर जे ध्यान आपण म्हटले ते भिंतीवर उतरवण्याची अशी संधी पुन्हा यायची नाही. पैशाचा शब्द काढू नका. मी तिथे आहे. तुम्हाला कोणी रिकाम्या हाताने पाठवणार नाही.

ते पुष्कळ वेळ ब्रश पुसत राहिले. तो ब्रश आधीच स्वच्छ होता.

"गुरुजी, पोरायले मी काय सांगू?"

"त्यांना सांगा, देवाची गोष्ट वेगळी."

"वेगळी असते?"

"असते."

"तुम्ही वर्षभर माह्यापासून काही घेतलं नाही," ते म्हणाले. "आता तुम्ही म्हणता. मी तुम्हाले नाही कसं म्हणू जी?"

पहिल्या दिवशी सभागृहात चहा आला तेव्हा त्यांनी तो गरम असतानाच प्यायला. मी पाहिले, आणि मला आनंद झाला. एका हट्टी माणसाच्या अंतःकरणात भक्तीचा उदय झाला असे मला वाटले.

बावन्न दिवस त्यांनी ते काम केले. ते कसे झाले याविषयी मी काय लिहावे? मत्स्यापासून कल्कीपर्यंत एकही आयुध चुकले नाही, आणि तरी कोणताही अवतार पुस्तकातून उतरवल्यासारखा नव्हता. वराहाच्या दातावरची पृथ्वी कोणाही शेतकऱ्याने बांधावरून पाहावी तशी काळी, ओली होती. शेवटच्या आठवड्यात सभागृहाच्या वास्तुशांतीची तयारी सुरू झाली. अकरा ब्राह्मण यायचे होते. त्यांची दक्षिणा मीच ठरवली, आधी ठरवली, पाकिटांवर नावे घातली, आणि सूर्यास्तापूर्वी ती त्यांच्या हाती पडावी अशी व्यवस्था केली. कारण दक्षिणेशिवाय कर्म निष्फळ होते आणि विलंबाने दिलेली दक्षिणा यजमानाला ऋणी करते, हे मी वर्गात कित्येक वर्षे शिकवले होते. भिंतीशी मचाणावर उभा असलेला मनुष्यही त्याच कर्माला वरलेला आहे, हे मला सुचले नाही. शास्त्र माझ्या तोंडात होते आणि तो माणूस माझ्या डोळ्यांसमोर होता. दोहोंची गाठ मी घातली नाही.

उद्घाटनाच्या दिवशी त्यांना शाल, श्रीफळ आणि पाच हजार एक रुपये देण्यात आले. अध्यक्षांनी भाषण केले: "आजच्या काळात असे कलावंत कुठे मिळतात? यांनी एक पैसाही मागितला नाही. खरा कलाकार पैशासाठी काम करत नाही." टाळ्या झाल्या. कोणीतरी ते चित्रित केले, आणि दोन दिवसांत ती चित्रफीत शहरभर मोबाईलांवर फिरली.

पुढच्या शुक्रवारी मी गच्चीवर असताना प्रणाली आली. चपला सरळ न लावता आत आली. मोबाईल त्यांच्यासमोर धरला. अध्यक्षांचा आवाज त्या पत्र्याच्या खोलीत घुमला.

"सर, हे तुम्हीच हा ना?"

"मीच हाव."

"शाळेच्या डायरेक्टरनं पाठवला मले. म्हणे, एवढा मोठा माणूस बावन्न दिवस फुकट करते, आन् तुम्ही पोरीसोरी दिवसाचे अडीच हजार मागता? म्हणे, चारशेनं करायचं असन तं करा, नाही तं दुसरे पाहतो. शाळाबी मंदिरच असते म्हणे." तिचा आवाज चढला नाही. "मी नाही म्हणून आली."

"चांगलं केलं," ते म्हणाले.

"चांगलं काय केलं सर? बाबानं कालच बुटीबोरीवाल्याले फोन केला. सोमवारपासून जायचं हाय." मग तिने माझ्याकडे न पाहता त्यांना विचारले, "तुम्ही दर मागितला नव्हता?"

ते माझ्याकडे पाहत होते. मी पोथी बंद केली. मी तेव्हाच बोलायला हवे होते. खोलीत आम्ही तिघेच होतो. मी काहीच बोललो नाही. तेच म्हणाले, "मागितला होता वं. मंग सोडला."

"सोडायचा होता तं आम्हाले काहून हातावर हात मारायले लावला?" एवढे बोलून ती जिना उतरून गेली.

मी माझ्या बचतीतून त्यांना पैसे देऊ केले. एक लाख तीस हजार होत होते. मी एक लाखाची तयारी दाखवली. त्यांनी मान मागे घेऊन माझ्याकडे पाहिले, जसे ते पहिल्या दिवशी छायाचित्राकडे पाहत होते.

"तुम्हाले पेन्शन हाय, गुरुजी. फुकट द्यायले तुम्हाले परवडते. तुम्ही फुकट शिकवलं, ते तुम्हाले परवडत होतं. मले वाटलं मलेबी परवडन. तुमचे पैसे नको. तुम्ही फक्त मीटिंगमध्ये सांगा, की यानं दर मागितला होता. व्हिडिओवाल्यायसमोर सांगा. त्या पोट्टीचं काम अजून दुसऱ्याले गेलं नाही."

पुढच्या बैठकीला ते स्वतः आले आणि दाराशी उभे राहिले. अध्यक्षांनी विचारले, "गुरुजी, हे म्हणतात यांनी पैसे मागितले होते. तुम्ही तर होता. सेवा म्हणूनच ठरलं होतं ना?"

सगळे माझ्याकडे पाहू लागले. नवे सभागृह होते, समोर देव होता, देणगीदारांची दोन कुटुंबे बसली होती. वाद वाढू नये, स्थानाचे पावित्र्य राहावे, असे मला वाटले. मी हात जोडून म्हणालो, "झाले ते त्याच्या इच्छेने झाले."

हे वाक्य खोटे नव्हते, म्हणूनच ते मला उच्चारता आले.

ते दारातूनच म्हणाले, "देवाले मधात नका घालू, गुरुजी. देव त्या मीटिंगमध्ये नव्हता. तुम्ही होते." मग नेहमीसारखे पाया न पडता ते निघून गेले.

त्यानंतर त्यांनी चित्रे सोडली. रविवारी कोणी येईनासे झाले. ते घरे रंगवणाऱ्या एका ठेकेदाराकडे पुट्टी आणि रंगाच्या कामाला जाऊ लागले. मी एकदा रस्त्यात गाठले आणि हे का करता असे विचारले. हातावर, भुवयांवर पांढरी भुकटी होती. "याचा दर सगळ्यायले माहीत हाय जी," ते म्हणाले. "स्क्वेअर फुटाचा. कोणी म्हणत नाही, भिंत रंगवाचा तुम्हाले शौक हाय म्हणून." त्यांच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता. तो असता तर मला सहन करणे सोपे गेले असते.

मे महिन्यात एका इमारतीच्या बाहेरच्या बाजूला काम करताना ते मचाणावरून पडले. भर दुपार होती. सरकारी रुग्णालयात नऊ दिवस होते. मला कळले ते दहाव्या दिवशी सकाळी, ठेकेदाराच्या माणसाकडून.

घाटावर मोजून सात जण होतो. प्रणाली कारखान्याच्या निळ्या गणवेशात आली होती, कामाची पाळी अर्धी सोडून. अग्नी दिल्यावर सगळे पांगले, तेव्हा मी तिच्याजवळ गेलो. मी तिला सारे सांगितले. दर त्यांनी माझ्यासमोर मागितला होता. तो लिहून देऊ नका असे अध्यक्षांना मीच सांगितले होते. आणि गच्चीवर, तिच्यासमोर, मी गप्प बसलो होतो.

"मले वाटे, सरनं मोठेपणासाठी केलं," ती म्हणाली. "दीड वर्ष मी त्यायच्याशी बोलली नाही."

मी म्हणालो, "मी आता हे लिहीन. छापायला देईन."

"लिहा ना गुरुजी." तिने घड्याळ पाहिले. "पण त्यायले मोठं करून नका लिहू. भक्त होते, कलाकार होते, असं काही नका लिहू. जे झालं तेवढंच लिहा. मले बस पकडायची हाय."

ती फाटकाकडे गेली. घरी येऊन मी स्नान केले, संध्या केली, आणि विश्वस्तपदाचा राजीनामा लिहिला. तो स्वीकारला गेला. सन्मानही करणार होते, तो मी नाकारला. त्या भिंतीपुढे आजही लोक हात जोडतात, आणि माहिती सांगणारा माणूस त्यांना सांगतो की हे सारे एका चित्रकाराने विनामूल्य, सेवा म्हणून केले.

ते खरे नाही. त्यांनी दिवसाचे अडीच हजार मागितले होते, काम सुरू होण्याआधी मागितले होते, आणि लेखी मागितले होते. मी तिथे बसलो होतो. मी ते ऐकले होते.